ओझं टेकवायची जागा

घर दाखवायच्या दिवशी आमच्या घरमालकांनी पगाराच्या स्लिपा पाहिल्या नाहीत, शुफाचा पतदाखला मागितला नाही आणि तुम्ही स्वयंपाकात मसाला किती वापरता, असं आडून आडूनही विचारलं नाही. त्याआधीच्या प्रत्येक घरी हे तिन्ही झालं होतं. हे म्हातारे गृहस्थ दारातच उभे राहिले, किल्ली मुठीत धरून, आणि म्हणाले, "बसथांब्याच्या मागे एक दगड आहे. पाहिलात?"

मी लगेच ठोकून दिलं, "हो तर! फार छान आहे."

नवऱ्याला खोटं बोलता येत नाही. तो म्हणाला, "मी गाडी मागे घेताना पाहिला. धक्का लागला असता, म्हणून पुन्हा पुढे घेऊन डावीकडून वळवली."

"गेनाऊ, अगदी बरोबर," म्हातारबा खूश झाले. "उजवीकडून वळवणाऱ्या दुधाच्या टँकरने त्याचा कान उडवलाय." त्यांनी किल्ली नवऱ्याच्या हातात दिली आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "फ्राउ इंजिनिअर, तो दगड छान नाही. तो आहे, एवढंच."

इथे जर्मनीत, नेकारसुल्मला गाड्यांच्या कारखान्यात मी सीटबेल्टच्या चाचण्या घेते. तिथून थोडं आत, द्राक्षमळ्यांच्या उताराखाली वसलेल्या त्या गावात आम्हाला घर मिळालं ते असं, एका दगडाला न दिलेल्या धक्क्यावर. वरच्या मजल्यावर आम्ही, खाली ते. आयुष्यभर जमीन मोजणी खात्यात नोकरी केलेली, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलती एक मुलगी हॅनोव्हरला. आमच्या लेकीने पहिल्याच आठवड्यात त्यांना 'ओपा', म्हणजे आजोबा, करून टाकलं. मी मात्र आजतागायत 'तुम्ही'च म्हणत आले आणि तेही मला.

बसथांब्यामागचा तो दगड पुढचं गाव पायी किती तासांवर आहे हे सांगणारा होता. असे दगड आमच्या त्या जिल्ह्यात ठिकठिकाणी पडलेले आहेत. शेतांच्या हद्दीचे, वाटांच्या अंतराचे, कुणी कुणाचा खून केला म्हणून प्रायश्चित्तादाखल उभारलेले क्रूस. त्यांच्याकडे कुणी ढुंकून पाहत नाही. कुत्री पाहतात, पण त्यांचा हेतू वेगळा असतो. म्हातारबांनी मात्र या सगळ्यांची सरकारी नोकरांसारखी वर्गवारी केलेली होती. हद्दीचा दगड जागेवर असेल तर तो 'इम डीन्स्ट', म्हणजे ड्यूटीवर. तुटला असेल तर आजारी रजेवर. ज्याचं काम संपलं तो बेकार. आणि ज्याला उचलून कुणी आपल्या बागेत गुलाबाशेजारी नेऊन बसवलं, तो पेन्शनीत. पेन्शनीतल्या दगडांकडे ते पाहायचेसुद्धा नाहीत. स्वतः पेन्शन खात होते ते सोडा.

"बसथांब्याचा दगड?" मी एकदा विचारलं. "आता कोण चालत जातं पुढच्या गावाला?"

"अंतर बदललंय का?" त्यांनी उलट विचारलं. "नाही ना? मग तो ड्यूटीवर आहे. चालणारे रजेवर आहेत."

दर रविवारी दुपारी ते दगडांना भेटायला निघत. पिशवीत तीन वस्तू: पाण्याची बाटली, दाढीचा मऊ ब्रश आणि न्हाणीघरातला गोल आरसा. गाडी इतकी हळू चालवत की मागून ट्रॅक्टरवाले हॉर्न वाजवत. ट्रॅक्टर ही जमात दगडांच्या मुळावर आलेली आहे असं त्यांचं ठाम मत होतं, त्यामुळे हॉर्न वाजला की ते आणखी हळू जात. मी शेजारी बसून मनातल्या मनात रामरक्षा म्हणत असे.

आरशाचं काम मला पहिल्यांदा कळलं ते एका क्रूसाजवळ. बिटाच्या शेताच्या कडेला गुडघाभर गवतात तो उभा होता, आणि मला त्याच्यावर शेवाळाखेरीज काहीही दिसत नव्हतं. मी समोरून मोबाईलचा टॉर्च मारला.

"समोरून उजेड टाकला की दगड गप्प बसतो," ते म्हणाले. "बाजूने टाका."

त्यांनी आरसा कडेला धरला, उन्हाची तिरीप दगडावरून आडवी सरकवली, आणि सपाट दिसणाऱ्या त्या दगडातून नांगराचा फाळ उमटून वर आला. माझ्या अंगावर काटा आला. मी अर्थातच विचारलं, खून कुणी केला, कुणाचा केला, कशासाठी? त्यांना या गोष्टीत काडीचा रस नव्हता. "खून एका दुपारचा," ते म्हणाले. "त्याच्याबद्दल सगळे विचारतात. एवढा दगड खाणीतून इथपर्यंत कुणी वाहून आणला, ते कुणी विचारत नाही."

त्यांना स्वतःलाही समोरून प्रश्न विचारलेला चालत नसे, हे मला हळूहळू उमगलं. बायकोबद्दल एकदा सरळ विचारलं तर त्यांनी कचऱ्याच्या पिवळ्या पिशव्या कधी बाहेर ठेवायच्या ते सविस्तर सांगितलं.

दगडाला हात लावायचे त्यांचे नियम कडक होते. पाणी आणि मऊ ब्रश, बस्स. तारेचा ब्रश दिसला की त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबत. एकदा गावातल्या शाळेतल्या एका बाईंनी फोटोत अक्षरं नीट यावीत म्हणून तासांच्या दगडावर पोरांकडून खडू भरून घेतला. म्हातारबा समोर उभं राहून सगळं होऊ देत होते. मग बाटलीतल्या पाण्याने शांतपणे एकेक अक्षर धुतलं आणि बाईंना विचारलं, "तुमच्या आजीच्या सुरकुत्यांत खडू भराल का?" बाई पुढे कितीतरी दिवस दुसऱ्या थांब्यावरून बस पकडत होत्या.

हे मी मुद्दाम सांगतेय. पुढे काय झालं ते कळायला हे ठाऊक असलेलं बरं.

त्यांचा खरा जीव होता एकाच दगडावर. गावातून द्राक्षमळ्यांतून वर जाणारा चढ जिथे संपतो, तिथे वाटेच्या कडेला एक दगडी बाक आहे. खरं तर दोन बाक. एक बसण्याइतका बुटका, आणि त्याला लागूनच दोन खांबांवर आडवी टाकलेली एक उंच शिळा. ग्रूहबांक म्हणतात त्याला. डोक्यावर ओझं घेऊन चढणाऱ्या बायकांसाठी तो बांधलेला. उंच शिळेवर डोक्यावरची पाटी सरकवायची, बुटक्या दगडावर बसून दम खायचा, आणि मग कुणाच्या हातभाराशिवाय ओझं पुन्हा डोक्यावर घेऊन निघायचं. मी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा माझ्यातली इंजिनिअर चाट पडली. उचलायला दुसरं माणूस लागू नये म्हणून केलेली याहून साधी सोय मी पाहिलेली नाही.

म्हातारबांची आजी याच वाटेने डोक्यावर ओझं घेऊन जायची. द्राक्षं, सरपण, कधी शेणखत. लहानपणी ते तिच्या बाजूने चालत. हे त्यांनी मला सांगितलं ते त्याच बाकावर बसून, मी काही न विचारता.

"डोक्यावर ओझं असताना आजी बोलायची नाही," ते म्हणाले. "मान हलते ना. मी वाटभर प्रश्न साठवून ठेवायचो. इथे आली, पाटी वर ठेवली, बसली, की म्हणायची, 'आता बोल. मला घाई नाही.' खरं तर तिला घाईच असायची." मग म्हणाले, "माझा आजोबा युद्धातून का परत आला नाही, आई कशाने गेली, सगळं मला इथे कळलं. घरात कधीच नाही." आणि त्यानंतर बायकोबद्दलही बोलले. ती कशी हसायची ते सांगितलं.

आणि याच बाकावर संकट आलं. नगरपालिकेने गावातून वर सायकलचा नवा रस्ता काढायचं ठरवलं, आणि तो नेमका बाकाच्या छातीवरून जात होता. त्यांचा विचार वाईट नव्हता. बाक तोडायचा नव्हता, हलवायचा होता. खाली चौकात, कारंज्याशेजारी, जिरेनियमच्या कुंड्यांमध्ये. वर माहितीची पाटी. येणारे-जाणारे पाहतील, फोटो काढतील. गावात सगळ्यांना ते पटलं. मलाही पटलं होतं. दगडापेक्षा वीट मऊ, निदान तुटत तर नाही ना, असं मी बोलायला गेले आणि त्यांचा चेहरा पाहून जीभ चावली.

"चौक सपाट आहे," ते म्हणाले. "सपाट जागी कुणाचं डोकं दमतं?"

नगरपालिकेच्या सभेत नागरिकांना प्रश्न विचारायला वेळ देतात. ते उभे राहिले, हेच वाक्य म्हणाले आणि खाली बसले. जिल्हा कार्यालयातून आलेल्या बाईंनी नम्रपणे उत्तर दिलं, की या भागात आता डोक्यावरून कुणीही काहीही वाहून नेत नाही. बाकाचं काम संपलंय. पण शेवटचा निर्णय त्या प्रत्यक्ष जागा पाहूनच घेतील. गणपती गेल्यावरच्या मंगळवारी त्या येणार होत्या.

सभेनंतरच्या रविवारी म्हातारबा बाहेर पडलेच नाहीत. खाली आरसा पुन्हा न्हाणीघरात टांगलेला लेकीने पाहिला आणि मला येऊन सांगितलं, "ओपा इस्ट ट्राउरिश." ओपा उदास आहेत. ती मराठी सगळी समजते, पण उत्तर जर्मनमध्येच देते. मी त्यांच्यासाठी मुगाची खिचडी घेऊन गेले. त्यांनी दार उघडून ती घेतली, आभार मानले, आणि दार लावलं. असं याआधी कधी झालं नव्हतं.

आमच्या मंडळाचा गणपती त्या वर्षी आमच्याकडे होता. मंडळ म्हणजे नेकारसुल्म आणि आसपासची पुणे-मुंबईची दहाबारा कुटुंबं. इथे बाप्पाला कॅलेंडरात रविवार पाहूनच निरोप द्यावा लागतो. नदीत विसर्जन करायचं तर परवानग्यांचं लचांड. म्हातारबांची वर चढापलीकडे सफरचंदाची बाग होती आणि तिथे पावसाचं पाणी साठवायचं मोठं पिंप. त्यांनी उन्हाळ्यातच सांगून ठेवलं होतं, तुमची मातीची मूर्ती त्यात विरघळवा, पाणी झाडांना घाला. शब्दाला जागून ते विसर्जनाच्या रविवारी काठी टेकत आमच्याबरोबर वर यायला निघाले. टोपी डोक्यावर, पिशवी खांद्याला, तोंड मिटलेलं.

सासूबाई त्या वेळी तीन महिन्यांसाठी आल्या होत्या. त्यांनी जुन्या धोतराची चुंबळ वळून नवऱ्याच्या डोक्यावर ठेवली, त्यावर पाट, पाटावर बाप्पा. मूर्ती चांगली जड होती. टाळ, आरडाओरडा, मोरया मोरया करत आम्ही द्राक्षमळ्यांतून चढायला लागलो. अर्ध्या चढावर नवऱ्याचा मोरया बंद झाला. वर पोहोचेपर्यंत त्याचा चेहरा बिटासारखा झाला होता.

"अरे, टेकव कुठेतरी!" सासूबाई ओरडल्या. "बाप्पाला खाली मातीत ठेवू नकोस हं!"

समोर बाक होता. नवऱ्याने गुडघे वाकवले, डोकं शिळेच्या बरोबरीला आणलं आणि पाट तिच्यावर सरकवला. बाप्पा उंच शिळेवर विराजमान झाले. नवरा बुटक्या दगडावर कोसळला.

मी म्हातारबांकडे पाहिलं. त्यांनी टोपी काढली होती. ते चुंबळीकडे बोट दाखवत होते, जी नवऱ्याच्या डोक्यावर अजून तशीच होती. "बॉइश्ले," ते पुटपुटले. त्यांच्या आजीच्या बोलीत चुंबळीला म्हणतात तसं, हे मला नंतर कळलं.

तिथेच आरती झाली. नवऱ्याला दम आला, बाप्पा पुन्हा डोक्यावर चढले आणि मंडळी बागेकडे निघाली. मी, सासूबाई आणि म्हातारबा मागे राहिलो. सासूबाईंनी तबकातलं कुंकू पाण्यात कालवलं आणि, मला काही कळायच्या आत, पाचही बोटं बुडवून शिळेवर उठवली. वर हळद वाहिली, झेंडूचं फूल ठेवलं आणि हात जोडले. "देव टेकले इथे," त्या मला म्हणाल्या, जणू मीच काहीतरी विसरले होते.

वालुकाश्म तो. कुंकू असं पीत होता की पाहता पाहता बोटांच्या कडा आत पसरल्या. खडूवरून ज्यांनी शाळेतल्या बाईंना बसथांबा बदलायला लावला, त्यांच्या जिवापाडच्या दगडावर हे, आणि मंगळवारी सरकारी पाहणी. आम्ही तर त्यांच्याच घरात राहणारे. आमचा हात चांगलाच दगडाखाली सापडला होता.

म्हातारबांचा चेहरा पांढरा पडला होता. त्यांनी पिशवीतून बाटली काढली, ब्रश काढला आणि बाटलीचं झाकण फिरवलं. तेवढ्यात सासूबाईंनी त्यांचं मनगट धरलं.

"अहो, नका हो," त्या मराठीतच म्हणाल्या. "कुंकू पुसायचं नसतं."

"काय म्हणतात त्या?" त्यांनी माझ्याकडे न पाहता विचारलं.

मी भाषांतर केलं. "म्हणतात, हे पुसत नाहीत. आमच्याकडे... नवरा गेला की बाईचं पुसतात."

त्यांनी शिळेकडे पाहिलं. सासूबाईंनी हात सोडला नव्हता. मग म्हातारबांनी झाकण परत घट्ट लावलं, ब्रश पिशवीत ठेवला आणि उतार उतरून ते घरी गेले. विसर्जनाला ते नव्हतेच.

सोमवारी खालच्या मजल्यावरून रेडिओसुद्धा ऐकू आला नाही. नवरा म्हणाला, "आपण माफी मागू या." मी म्हटलं, "कशाची? आईंना माफी मागायला सांगणार आहेस?" दोघेही अळीमिळी गुपचिळी करून झोपलो.

मंगळवारी सकाळी दारावर टकटक झाली. म्हातारबा कोट घालून उभे. "फ्राउ इंजिनिअर, तुम्हाला यावं लागेल. साक्षीदार म्हणून." मी ऑफिसला उशीर होईल असा निरोप टाकला आणि फाशीला निघाल्यासारखी त्यांच्यामागे चढ चढले.

जिल्हा कार्यालयातल्या बाई वर पोहोचल्या होत्या. शिळेवरच्या लाल बोटांकडे त्या वाकून पाहत होत्या. झेंडू सुकला होता. "हे काय आहे?" त्यांनी विचारलं.

"गेब्राउख्सश्पूरेन," म्हातारबा म्हणाले. वापराच्या खुणा.

"कुणी वापरला?"

त्यांनी माझ्याकडे हात केला. मी मोबाईल काढून रविवारचा व्हिडिओ लावला. त्या शांत सकाळी द्राक्षमळ्यांत मोरयाचा गजर झाला, नवऱ्याने धापा टाकत पाट शिळेवर सरकवला आणि खाली कोसळला. बाईंनी पूर्ण पाहिला. मग पुन्हा मागे नेऊन पाट टेकतो तेवढाच भाग पाहिला.

"आल्झो, असं आहे तर," त्या हळूच म्हणाल्या आणि म्हातारबांकडे वळल्या. "हे तुम्ही घडवून आणलंत?"

"मी?" ते इतके चिडले की काठी आपटली. "मी तर धुवायला निघालो होतो! यांना विचारा. यांच्या सासूबाईंनी हात धरला. दगडाला डाग पडलाय, कायमचा, बघताय ना? मला अजिबात आवडलेलं नाही!"

बाई हसल्या. खोटं बोलणारा माणूस एवढा चिडत नाही, हे त्यांना कळलं असावं. "दरवर्षी करता का तुम्ही हे?" त्यांनी मला विचारलं.

"आता करू," मी म्हणाले.

सायकलचा रस्ता झाला. बाकापाशी येऊन तो थोडा पोट काढून वळतो आणि पुन्हा सरळ होतो. तिथे ब्रेक लावावा लागतो म्हणून सायकलवाले शिव्या घालतात. म्हातारबांना त्या शिव्या ऐकायला फार आवडायचं. रविवारी ते बुटक्या दगडावर जाऊन बसायचे, खास त्यासाठी. कुंकवाचा डाग फिका झाला, पण गेला नाही. त्यांनी तो कधी धुतला नाही आणि कधी आवडलाय असंही म्हणाले नाहीत. सासूबाईंना मात्र नाताळला न चुकता कार्ड पाठवत.

मग त्यांचे पाय गेले. मुलीने हॅनोव्हरला आपल्या घराजवळच्या वृद्धाश्रमात खोली घेतली. ज्या माणसाने हलवलेल्या दगडाकडे कधी मान वळवून पाहिलं नाही, तो आता स्वतः हलणार होता, आणि मला ते विचारायचं धैर्य होत नव्हतं. निघताना त्यांनीच विषय काढला. "मी दगड नाही," ते म्हणाले आणि ढकलायच्या खुर्चीच्या चाकावर थाप मारली. "मला चाकं आहेत." आम्हाला घर त्यांनी आहे त्याच भाड्यात ठेवलं. खालचा मजला बंद आहे. मला तो बंद पाहवत नाही, हे मी कुणाला सांगितलं नाही.

फोनवर ते फार बोलत नाहीत. रविवारी दुपारी फोन येतो, "इम डीन्स्ट?" असं विचारतात. मी "हो" म्हणते. हवेबद्दल दोन वाक्यं होतात आणि संपतं.

यंदा नवऱ्याची मान धरली होती. विसर्जनाला बाप्पा मी डोक्यावर घेतले. सासूबाईंनी पुण्याहून व्हिडिओ कॉलवर चुंबळ कशी वळायची ते दाखवलं, दोनदा चुकले म्हणून ओरडल्याही. चढ चढायला लागले आणि माझी बडबड आपोआप बंद झाली. मान हलवायची सोय नव्हती. लेक बाजूने चालत जर्मनमध्ये काहीबाही विचारत होती, मी नुसतं हूं करत होते. वर पोहोचेपर्यंत मानेतून कळा यायला लागल्या.

मी शिळेपाशी गेले. गुडघे वाकवायची वेळ आलीच नाही. पाट आपसूक शिळेवर टेकला. मी फक्त एक पाऊल पुढे टाकलं आणि ओझ्याखालून बाहेर आले. कुणी हात लावला नाही, लावायची गरजही नव्हती. नवरा दरवर्षी वाकायचा, आणि इतकी वर्षं चाचण्या घेणाऱ्या मला ते कधी दिसलंच नव्हतं. तो दगड माझ्या मापाचा होता.

मंडळींनी आरती सुरू केली. मी बुटक्या दगडावर बसले, आणि मला रडू यायला लागलं. मी तिथूनच हॅनोव्हरला फोन लावला. रविवारची त्यांची वेळ व्हायची होती.

"इम डीन्स्ट?" पलीकडून तोच आवाज, थोडा बारीक झालेला.

"हो," मी म्हणाले. "आज मी ठेवला. मला वाकावं लागलं नाही."

"ठाऊक आहे मला. माझी आजी तुमच्याएवढीच होती." मागे टाळांचा आवाज त्यांना ऐकू जात असावा. मग त्यांनी विचारलं, "खालच्या दगडावर बसलाय ना?"

"हो."

"मग आता बोला," ते म्हणाले. "मला घाई नाही."